डोक्यातले माग

बापू देवळात डोळे मिटायचे नाहीत.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो. त्या दिवशी सोलापूरचा सगळा पूर्वभाग देवळाच्या वाटेला लागलेला असतो. रांगेत तासभर घामेजून आम्ही एकदाचे मूर्तीसमोर पोचायचो, आणि बापूंची नजर पुढच्या माणसाच्या खांद्यावर खिळलेली असायची. खांद्यावरच्या उपरण्यावर. उपरण्याच्या काठावर. डावा हात छातीशी आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतोय. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस जप करतोय. तो काठातले धागे मोजत असायचा. अम्मा तेलुगूत दातओठ खाऊन म्हणायची, “देवाकडं बघा की. कापड काय घरी नाही?”

हा किस्सा मी एकदा रेल्वेतल्या अंकलना सांगितला. ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. मूळचे मंगळूरकडचे कॅथलिक, नोकरीपायी इथे आले आणि रिटायर झाल्यावरही इथेच राहिले. त्यांची मराठी पक्की सोलापुरी, म्हणजे थोडी कानडी, थोडी हिंदी आणि वर ‘बे’ची फोडणी. ते खो खो हसले. म्हणाले, “आमच्यात पण एक असाच होता बे. मिस्साला, म्हणजे चर्चातल्या प्रार्थनेला बसला की डोक्यात सगळ्या मशिनी चालू. आणि तो संत झाला. बापूला सांग, चान्स आहे.”

“कोण?”

“सेंट अँथनी.”

सेंट अँथनी मला माहीत होता. कडेवर बाळ येशू, हरवलेली वस्तू सापडवून देणारा. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरी त्याचा फोटो होता.

“तो पदुआचा,” अंकल म्हणाले. “हा वेगळा. अँथनी क्लॅरेट. हा कोष्टी. तुमच्यातला.”

क्लॅरेट नावाची लाल वाईनही असते, ही माहिती त्यांनी लगेच पुरवली आणि आपल्याच विनोदावर पुन्हा हसले. संताचं खरं नाव स्पेनमधल्या काताल्युन्या प्रांतातलं आहे, आंतोनी क्लारेत. मी पुढे तेच वापरतो, वाईनचा वास नको.

*

बापूंचं काम काय होतं हे सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. आमचे चार माग होते. घरात आम्ही ‘मग्गम’ म्हणायचो, शाळेत ‘माग’. पण बापूंची गल्लीत ओळख होती ती मागवाला म्हणून नव्हे, नमुना सोडवणारा म्हणून. कुणी व्यापारी हातभर चादरीचा तुकडा घेऊन यायचा. “मास्तर, हे जमेल का?” बापू तुकडा उन्हात धरायचे, उलटा करून बघायचे, वास घ्यायचे. (वास कशाचा ते मला अजून कळलेलं नाही.) मग पितळी चौकटीचं भिंग त्यावर ठेवायचं आणि सुईने एकेक धागा बाजूला करत मोजायचं. इंचाला ताण्याचे (उभे) किती, बाण्याचे (आडवे) किती. कुठला उभा धागा आडव्याच्या वरून गेलाय, कुठला खालून. वरून असेल तर चौकटीच्या कागदावर लाल पेन्सिलीने एक घर भरायचं. हे घराघराचं भरणं दोन-दोन दिवस चालायचं. हळूहळू कागदावर मोर उमटायचा.

मग त्या कागदावरून पत्ते पाडायचे. जॅकार्डचे पत्ते, जाड पुठ्ठ्याचे, भोकं पाडलेले. भोक असलं की तिथली सुई आत जाते, आकडा उचलला जातो, धागा वर येतो. भोक नाही, तर धागा खालीच. एवढंच तत्त्व. सगळे पत्ते दोरीने एकमेकांना बांधून मागावर चढवायचे आणि एकेक आडव्या धाग्यामागे एकेक पत्ता पुढे सरकायचा. शेवटचा पत्ता झाला की पुन्हा पहिला.

त्यामुळे एका पत्त्यात एक भोक पाडायचं राहिलं तर ती चूक एकदाच होऊन थांबत नाही. दर मोरात येते. आमच्याकडे एकदा असं झालं. नेमकं मोराच्या डोळ्याच्या जागी. बापू तेव्हा तापाने पडले होते आणि पत्ते पाडायला बसलो होतो मी, नववीतला. चूक लक्षात येईपर्यंत साठ चादरी उतरल्या होत्या. व्यापाऱ्याने एकही उचलली नाही, आणि त्याचंही काय चुकलं म्हणा. पुढची कित्येक वर्षं आमच्या घरी, काकांकडे, आत्याकडे, सगळे आंधळ्या मोरांखाली झोपत होते. बापू मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्यानंतर बरेच दिवस पत्ते पाडायला त्यांनी मला बसवलं नाही.

*

अंकलनी मला एक जुनं इंग्रजी पुस्तक दिलं. क्लारेतने वरिष्ठांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या आत्मचरित्राचं भाषांतर. आत खूण म्हणून रेल्वेचा जुना पास. मी ते बापूंना वाचून दाखवायचो, म्हणजे वाचायचो इंग्रजीत आणि सांगायचो तेलुगूत, मधे अडलं की मराठीत. धर्माचा भाग आला की बापूंचं लक्ष उडायचं. मागाचा भाग आला की ते बीडी विझवायचे.

क्लारेतचा जन्म 1807 च्या डिसेंबरातला, काताल्युन्यातल्या सालेंत गावचा. बाप्तिस्मा नाताळच्या दिवशी झाला. वडिलांचा विणकामाचा छोटा कारखाना, अकरा भावंडांतला हा पाचवा. (जॅकार्डने आपलं यंत्र 1804 मध्ये फ्रान्समध्ये तयार केलं. म्हणजे आमचे पत्ते आणि हा संत यांच्यात अंतर तीन वर्षांचं. बापूंना हे फार आवडलं.) पाच वर्षांचा असताना त्याला रात्री झोप यायची नाही आणि तो अनंतकाळाचा विचार करत पडायचा. कायमचं म्हणजे किती? कायमचं, कायमचं, कायमचं. मोठेपणी तो लिहितो, याच विचाराने मला आयुष्यभर पळवलं. मला मात्र वाटतं, मागाच्या घरातल्या पोराला अंथरुणात तेच तेच ऐकू यायला अनंतकाळ कशाला हवा? माग बंद झाल्यावरही कानात चालूच असतो. खटक-खट, खटक-खट. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला हे माहीत आहे.

1825 मध्ये तो बार्सेलोनाला गेला, कापडधंद्यात आणखी तयार व्हायला. दिवसा कारखान्यात काम आणि रात्री तिथल्या चित्रकलेच्या शाळेत नक्षीचं शिक्षण. बक्षिसंही मिळवली. आणि मग तो परिच्छेद आला, जो बापूंनी मला तीनदा वाचायला लावला. तो सांगतो की समोर आलेला कापडाचा नमुना तो उकलायचा, त्याचा आराखडा काढायचा, माग लावायचा आणि तसंच कापड काढून दाखवायचा. मालकाला हवं असेल तर मूळ नमुन्याहून सरस. सुरुवातीला जड गेलं, पण रात्रंदिवस त्यातच असल्यामुळे जमलं.

बापू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “भिंग होतं का त्याच्याकडं?”

पुस्तकात भिंगाचा उल्लेख नव्हता. “असणारच,” ते म्हणाले. “त्याबिगर होत नाही.”

त्याच्या पुढेच ते देवळातलं. क्लारेत कबूल करतो की मिस्साच्या वेळी वेदीवर जितके संत नव्हते तितकी यंत्रं त्याच्या डोक्यात फिरत असायची. प्रार्थना बाजूला आणि हा मनातल्या मनात मागाची अडचण सोडवतोय. या वेडाला तो सरळ वेडच म्हणतो. याच काळात दोन-तीन गोष्टी घडल्या. समुद्रावर पाय भिजवायला गेला असता मोठ्या लाटेने त्याला ओढून नेलं, पोहता येत नव्हतं, कसाबसा वाचला. एका मित्राने जुगारापायी त्याचे पैसे बुडवले, वर चोरी केली आणि तुरुंगात गेला. आणि एका मिस्साच्या वेळी त्याला लहानपणी वाचलेलं वचन आठवलं: सगळं जग मिळवलं आणि आत्मा गमावला, तर माणसाला काय उपयोग? त्याने माग सोडला. 1829 मध्ये विक गावच्या सेमिनरीत दाखल झाला. 1835 च्या जूनमध्ये त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बार्सेलोनात दंगल उसळली आणि लोकांनी तिथली वाफेवर चालणारी पहिली कापडगिरणी जाळून टाकली. क्लारेतचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण मी तिथे थबकलो. इतक्या हुशार हाताचा माणूस शहरात टिकला असता तर दहा वर्षांत स्वतः कारखानदार झाला असता. त्या रात्री तो दाराच्या कोणत्या बाजूला उभा असता, कुणास ठाऊक. आमच्या शहरात 1877 साली जुनी मिल सुरू झाली, मागून बाकीच्या आल्या, भोंग्यावर गाव उठायला लागलं, आणि मग एकेक भोंगा बंद पडत गेला. गिरणीच्या दाराच्या दोन बाजू म्हणजे काय, हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

*

एका मुद्द्यावर मात्र माझं या संताशी जमत नाही.

त्याच्या मते डोक्यातली यंत्रं म्हणजे मोह. देवापासून ओढून नेणारी वस्तू. मला बापूंचा अंगठा आठवतो आणि हे पटत नाही. आम्हा पद्मशाली लोकांत सांगतात की मार्कंडेय ऋषींचा मुलगा भावनाऋषी. देवांना नेसायला वस्त्र नव्हतं, तेव्हा त्याने कमळाच्या देठातल्या तंतूंपासून पहिलं कापड विणलं. म्हणजे आमच्या हिशेबाने माग देवाच्या आड येत नाही, देवाचीच लाज राखतो. मग देवळात उभं राहून काठातले धागे मोजणारा माणूस देवाकडे बघत नव्हता, असं कसं म्हणायचं? (कबिराचं नाव इथे यायला हवं, पण ते सगळेच घेतात.)

हे मी अंकलना सांगितलं तर ते म्हणाले, “तुमच्या सिद्धरामाचं काय मग?”

गोष्ट सोलापूरकराला ठाऊक असते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तळं खोदलं, मंदिर उभारलं, लिंगं स्थापन केली. हजारो माणसं कामाला. तेव्हा बसवण्णांच्या शरणांतले संत अल्लमप्रभू इथे आले आणि त्यांनी भर कामावर हाक मारली, तीही ‘अरे ओड्डा रामा’ अशी. ओड्ड म्हणजे माती-दगड फोडणारा. तळं खोदतोयस ठीक आहे, पण आतलं काय, असा त्या हाकेचा रोख. अपमानाने आधी कामावरचे लोक खवळले. शेवटी सिद्धराम अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला बसवण्णांकडे गेले.

“बघ,” अंकल म्हणाले. “अल्लमप्रभू आणि क्लॅरेट एकच बोलतात.”

मी म्हटलं, “पण अंकल, तळं बुजवलं का कुणी?”

यावर त्यांनी चहा मागवला. तळं अजून आहे. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा सगळं गाव त्याच्या काठावर असतं. कामाने माणूस देवापासून तुटतो की कामातूनच त्याच्याकडे जातो, हा वाद बसवण्णांच्या अनुभवमंटपात सुटला असेल. आमच्या कट्ट्यावर नाही सुटला.

*

संताशी न जमण्याचं खरं कारण वेगळं होतं, ते मी अंकलना सांगितलं नाही. मीही माग सोडला होता. देवासाठी नव्हे, पगारासाठी. बी.कॉम. झालो आणि एका पतसंस्थेत चिकटलो. क्लारेतच्या वडिलांना मुलाच्या हातात कारखाना द्यायचा होता. मुलाने पुजारी व्हायचं म्हटल्यावर ते भाविक असल्यामुळे आड आले नाहीत, पण त्यांना वाईट वाटलं, हे क्लारेतने लिहून ठेवलंय. हे वाक्य मी बापूंना तेलुगूत सांगितलं नाही. गाळलं. पुढच्या पानावर गेलो.

पतसंस्थेत सुरुवातीला माझ्याकडे पिग्मी होती. खांद्याला पिशवी, हातात पावतीपुस्तक आणि रोज संध्याकाळी मागामागाशी जाऊन दहा-वीस रुपये गोळा करायचे. सहा-सात किलोमीटर सहज व्हायचे. शेडच्या बाहेरूनच मला कळायचं की आतला कुठला माग नीट चालत नाही. ठोका चुकतो. धोटा पलीकडच्या पेटीत बसताना वेगळा वाजतो. दारातून पैसे घेता घेता मी म्हणायचो, “तिसऱ्याचा पट्टा बघा.” लोक हसायचे, पिग्मीवाला म्हणे पट्टा बघतोय. पण बघायचे.

क्लारेतही चालणाराच. 1840 नंतरची काही वर्षं तो काताल्युन्यात गावोगाव पायी हिंडला. घोडा नाही, गाडी नाही, पैसे घ्यायचे नाहीत. रुमालाच्या गाठोड्यात प्रार्थनेचं पुस्तक, एक जादा शर्ट, मोज्यांचा जोड. आणि प्रांताचा नकाशा, कापडावर चिकटवलेला. कागदी नकाशा घड्या पडून फाटतो, कापडावर चिकटवला की टिकतो. कोष्ट्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही. त्याच्या चरित्रात चमत्कार पुष्कळ सांगितले आहेत. माझ्या लक्षात राहिला तो हा नकाशा.

दुसरी एक गोष्ट. वडिलांच्या कारखान्यात तरुणपणी त्याच्यावर कामगारांची देखरेख होती. कुणाचं काम बिघडलं की तो आधी त्यातलं जे चांगलं असेल ते शोधून सांगायचा. हे फार छान झालंय, पण इथे जरा असं केलंत तर आणखी छान होईल. कामगार निमूटपणे सुधारायचे. तो म्हणतो, मला तेव्हा याचं कारण माहीत नव्हतं, पुढे कळलं. सगळ्यांशी, अगदी उद्धटातल्या उद्धट माणसाशीही, गोडीने वागावं लागतं. मी आयुष्यात जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, बरेच पाहिलेत. माझे मामा एका गिरणीत होते आणि त्यांच्या खात्याचा जॉबर आई-बहिणीवरून सुरुवात करायचा, सुधारणेवर कधी पोचायचाच नाही. हे वाचल्यावर मला आंधळे मोर आठवले. बापूंनी तेव्हा चांगलं असं काही शोधून सांगितलं नव्हतं हे खरं, पण साठ चादरीत सांगण्यासारखं चांगलं होतं तरी काय.

*

1849 मध्ये विक इथे पाच सोबती घेऊन त्याने मिशनऱ्यांचा एक संघ काढला. तोच आजचा क्लॅरेशियन संघ. संघ पुरता उभा राहायच्या आत त्याला क्युबातल्या सांतियागोचा आर्चबिशप नेमलं गेलं. नको नको म्हणत असताना. बिशपची दीक्षा घेताना त्याने नावात ‘मारिया’ जोडलं. 1851 च्या फेब्रुवारीत तो क्युबात उतरला.

तेव्हा क्युबा स्पेनची वसाहत. उसाचे मळे आणि मळ्यांवर गुलाम. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली 1886 मध्ये, म्हणजे क्लारेत वारल्यानंतर सोळा वर्षांनी. इथे त्याने जे केलं त्याने मळेवाले चिडले. लग्नाविना एकत्र राहणाऱ्या हजारो जोडप्यांची लग्नं लावून दिली. त्यात गोरे-काळेही होते, आणि वसाहतीच्या अधिकाऱ्यांना नेमकं तेच खुपत होतं. अशी गोष्ट सांगतात की एका मळेवाल्यासमोर त्याने एक पांढरा आणि एक काळा कागद जाळला आणि म्हणाला, आता राखेतून निवडून दाखव कुठला कुठला.

गुलामगिरीविरुद्धचा त्याचा आवाज आजच्या मापाने पुरेसा होता का, असं कुणी विचारलं तर मी गप्प बसेन. तो ज्या राजसत्तेचा आर्चबिशप होता त्याच सत्तेचे ते मळे होते.

पण पतसंस्थेतल्या माणसाला जे दिसायचं ते दिसलंच. त्याने गरिबांसाठी बचतपेढ्या सुरू केल्या. शेतीवर दोन पुस्तकं लिहिली. पोर्तो प्रिन्सिपे गावाजवळ गरीब मुलांसाठी शेती आणि धंदेशिक्षणाची जागा उभारायला घेतली. म्हणजे प्रवचन करून थांबला नाही, लोकांच्या हातात काय राहील हे बघत होता. विणकरांचा पालक संत म्हणून त्याचं नाव घेतात, बचतपेढ्यांशीही जोडतात. अंकलनी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या संस्थेच्या थकबाकीदारांची यादी त्याच्या फोटोपुढे ठेवावी लागेल.

1 फेब्रुवारी 1856. ओल्गीन गाव. रात्री प्रवचन आटोपून तो चर्चबाहेर पडला. रुमाल तोंडाशी धरलेला, मान खाली. गर्दीतून एक माणूस अंगठीचं चुंबन घ्यायला यावा तसा पुढे आला आणि त्याने वस्तरा चालवला. गळ्याचा नेम होता. रुमालवाला हात आणि झुकलेली मान यामुळे वार गालावर बसला, हातही कापला गेला. मारेकरी चांभारकाम करणारा होता. आदल्या वर्षी त्याच्या नातेवाइकांच्या विनवणीवरून क्लारेतनेच त्याला तुरुंगातून सोडवलं होतं. आताही त्याला फाशीची शिक्षा झाली तेव्हा क्लारेतने दयेची विनंती केली आणि त्याला त्याच्या देशी परत पाठवायचा खर्च आपण देतो म्हणाला. फाशी टळली. गालावरचा व्रण शेवटपर्यंत राहिला.

हे वाचून दाखवलं तेव्हा अम्मा विड्या वळत बसली होती. सुपात पानं, मांडीवर तंबाखू, हजाराचा आकडा पुरा करायचा होता. तिचे हात थांबले. “सोडवलेल्यानंच मारलं?” ती म्हणाली. बापूंनी वेगळंच विचारलं, “टाके किती पडले असतील?”

तिथून पुढचं मी भराभर वाचलं. 1857 मध्ये राणी इसाबेल दुसरीने त्याला कबुलीगुरू म्हणून माद्रिदला बोलावून घेतलं. राजवाड्यात त्याचा जीव रमला नाही. शत्रूंनी त्याच्यावर घाणेरडी पत्रकं आणि व्यंगचित्रं काढली, आणि दरबाराशी नातं ठेवल्याची किंमत त्याने मोजली, असंही म्हणता येईल. 1868 च्या क्रांतीत राणी पळाली, तिच्याबरोबर हाही फ्रान्सला गेला. पहिल्या व्हॅटिकन परिषदेत गालावरच्या व्रणासकट भाषण केलं. 24 ऑक्टोबर 1870 ला दक्षिण फ्रान्समधल्या फाँफ्रुआदच्या मठात वारला, परदेशात, परक्या साधूंच्या आसऱ्याला. 1950 मध्ये तो संत म्हणून जाहीर झाला.

बापू एवढंच म्हणाले, “घरी नाही मेला.”

*

बापू मात्र घरीच गेले, 2009 च्या पावसाळ्यात. माग त्याआधीच दोन वर्षं बंद होते. पानिपतचा माल स्वस्त, सूत महाग, कामगार मिळेना, सगळ्यांची तीच कहाणी. दसऱ्यानंतर भंगारवाला आला. माग भंगारात किलोवर जातो. मोठमोठ्या लोखंडी बाजू ओढून टेम्पोत टाकल्या, तेव्हा फरशीवर माग होते तिथे चार काळे चौकोन राहिले, तेलाचे. जॅकार्डचे पत्ते भंगारवाल्याने नको म्हटले. पुठ्ठा जुना, ओल लागलेला. म्हणाला, रद्दीवाल्याला द्या. मी दिले नाहीत. माळ्यावर आहेत. मोराचेही आहेत, डोळा नसलेल्या मोराचे. बापूंनी तो पत्ता दुरुस्त करून नवा लावला होता, पण जुना फेकला नव्हता, त्याच गठ्ठ्यात मागे बांधून ठेवला होता.

त्याच महिन्यात, 24 तारखेला, अंकल दारात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. “चल बे. आज क्लॅरेटचा दिवस. तुझ्या बापाच्या नावानं एक मेणबत्ती लावू.”

मी कधी मिस्साला बसलो नव्हतो. शनिवारची संध्याकाळ, दहा-बारा माणसं, तीही बहुतेक म्हातारी. पंखे घरघरत होते. फादरांनी त्या दिवशीच्या संताचं नाव एकदाच घेतलं आणि पुढे गेले. अंकल गुडघ्यांवर बसले तसा मीही बसलो, गुडघे दुखतात तरी. समोर वेदीवर पांढरं कापड होतं, स्वच्छ, कडक इस्त्रीचं. काठाला पांढऱ्यावरच पांढरी वेल. उजेड बाजूने पडला की दिसायची, नाहीतर नाही.

जॅकार्डचंच काम. वेलीला पानं, पानामागे पान, एकसारखी. तिसऱ्या पानावर माझी नजर अडली. टोक नव्हतं. शेवटचे दोन-तीन धागे वर यायला हवे होते, ते आलेच नव्हते, त्यामुळे पान बोथट दिसत होतं. सहाव्या पानावर पुन्हा तेच. म्हणजे नक्षी तीन पानांची आणि कुणीतरी कुठल्यातरी गावात एका पत्त्यात भोक पाडायला विसरला होता.

अंकलनी कोपराने ढोसलं.

“तिकडं बघ,” ते पुटपुटले.

“तिकडंच बघतोय,” मी म्हटलं.

नवव्यालाही नव्हतं.